गाजलेली गाणी आणि खपाचा अंदाज

मुलींच्या गायनगटांनी काढलेल्या 'निवडक गाजलेल्या गाण्यांच्या' अल्बमबद्दल हिंगोली जिल्ह्यातून या वेळी बरीच पत्रं आली आहेत. काही चाहत्यांची आहेत, काही स्वतः असा अल्बम काढू पाहणाऱ्यांची. कॅसेटच्या दिवसांपासून मी संगीताच्या विक्रीच्या बाजूला काम केलं आहे. त्या कामातून जे कळलं, त्याच्या आधारे ही उत्तरं देतो आहे.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोरियन मुलींचे ग्रुप ऐकते. आमच्या आवडत्या ग्रुपचा 'ग्रेटेस्ट हिट्स' येणार अशी चर्चा आहे. मैत्रिणींचं म्हणणं, सगळीच गाणी हिट असल्यामुळे तो नव्या अल्बमपेक्षा जास्त खपेल. हे खरं आहे का? अंदाज बांधायचा तरी कसा?
— एक विद्यार्थिनी, वसमत

उत्तर : मैत्रिणींचा तर्क सरळ आहे, पण पहिल्या आठवड्यापुरता तो बहुतेक वेळा फसतो. पहिल्या दिवशी धावत जाऊन अल्बम घेतो तो कट्टर चाहता, आणि त्याच्याकडे ही सगळी गाणी आधीपासूनच असतात. 'डेस्टिनीज चाइल्ड' हा अमेरिकेतला गाजलेला मुलींचा ग्रुप, बियॉन्से त्यातलीच. २००१ मध्ये त्यांचा 'सर्व्हायव्हर' आला तेव्हा अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ६ लाख ६३ हजार प्रती गेल्या. २००५ मध्ये त्यांच्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांचा संग्रह आला, त्यात तीन नवी गाणीही घातली होती. तो यादीत पहिलाच आला, पण पहिल्या आठवड्याचा खप होता १ लाख १३ हजार. म्हणजे 'सर्व्हायव्हर'च्या खपाचा जेमतेम सहावा हिस्सा. ग्रुपची लोकप्रियता काही सहापटीने घटली नव्हती. ग्राहक वेगळा होता.

निवडक गाण्यांच्या अल्बमचा खरा ग्राहक म्हणजे ज्याला त्या ग्रुपची चार-पाच गाणी ओळखीची आहेत, पण ज्याने एकही अल्बम विकत घेतलेला नाही तो माणूस. तो पहिल्या आठवड्यात येत नाही. सणाला कुणाला तरी भेट द्यायची म्हणून येतो, प्रवासात ऐकायला काहीतरी हवं म्हणून येतो, आणि असा वर्षभर येत राहतो. इंग्लंडमधल्या 'गर्ल्स अलाउड'चं उदाहरण घे. चार वर्षांत त्यांची डझनभर गाणी तिथल्या पहिल्या दहांत गेली होती. प्रत्येक गाणं रस्त्यावर वाजत होतं, पण अल्बम घेणारे त्या मानाने कमी होते. ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस, नाताळच्या तोंडावर, त्यांचा संग्रह आला. तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि पुढे ब्रिटनमध्ये दहा लाखांवर खपला. दोनच आठवड्यांनी 'शुगाबेब्स' या दुसऱ्या मुलींच्या ग्रुपचा संग्रह आला. तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. तोच देश, तोच हंगाम, जवळपास तोच श्रोता, आणि तरी फरक पडलाच. त्याच 'गर्ल्स अलाउड'नी २०१२ मध्ये दहा वर्षं पूर्ण झाली म्हणून दुसरा संग्रह काढला, तर तो नवव्या क्रमांकावर थांबला. ज्यांना घ्यायचा होता त्यांनी २००६ मध्येच घेतला होता.

आणखी एक गल्लत तुझ्या वयाचे चाहते नेहमी करतात. कार्यक्रमाच्या तिकिटांना झुंबड उडाली की अल्बमही तसाच जाईल, असं धरून चालतात. 'स्पाइस गर्ल्स' २००७ मध्ये पुन्हा एकत्र आल्या तेव्हा लंडनच्या ओ-टू सभागृहात त्यांचे १७ कार्यक्रम झाले आणि तिकिटं हातोहात संपली. त्याच वेळी आलेला त्यांचा 'ग्रेटेस्ट हिट्स' मात्र ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर राहिला. त्यांना डोळ्यांनी पाहायला लोक कितीही पैसे मोजायला तयार होते. गाणी लोकांच्या घरात दहा वर्षांपासून होती.

कोरियन ग्रुपचं गणित थोडं वेगळं आहे, हे खरं. अल्बमच्या खोक्यात कुठल्या गायिकेचं फोटोकार्ड निघेल ते आधी कळत नाही, एकाच अल्बमच्या निरनिराळ्या आवृत्त्या असतात, आणि हवं ते कार्ड मिळेपर्यंत एकेक चाहता चार-चार प्रती घेतो. त्यामुळे तिथे जुन्या गाण्यांवरही पहिला आठवडा जोरात जाऊ शकतो. 'ट्वाइस'ने २०१७ मध्ये जपानमध्ये पाय ठेवला तो निवडक गाण्यांच्याच अल्बमने, त्यात काही गाणी जपानी भाषेत पुन्हा गाऊन. कोरियात जुनी झालेली गाणी जपानी श्रोत्याला नवी होती. तुझ्या ग्रुपबद्दल अंदाज बांधायचा असेल तर एवढंच तपास : ही गाणी ज्यांच्याकडे अजून नाहीत असा मोठा वर्ग कुठे शिल्लक आहे का, त्यातली किती गाणी चाहता नसलेल्या माणसालाही ओळखता येतात, आणि अल्बम सणाच्या आधी येतो आहे की नंतर. लाइक आणि कॉमेंट मोजू नकोस. ते सगळे आधीच तुमच्यातलेच असतात.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या दिवसांत 'विवा' नावाचा मुलींचा ग्रुप टीव्हीवर गाजला होता. मी कॅसेटही घेतली होती. त्यांचा 'ग्रेटेस्ट हिट्स' कधीच का आला नाही?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : तुमच्या प्रश्नात या धंद्यातली मोठी हळहळ आहे. 'विवा' ज्यातून निघाला तो 'पॉपस्टार्स' हा मूळ न्यूझीलंडचा कार्यक्रम. १९९९ मध्ये तिथे त्यातून 'ट्रूब्लिस' हा मुलींचा ग्रुप निघाला. मग तोच साचा देशोदेशी गेला. आपल्याकडे चॅनल व्हीने २००२ मध्ये तो आणला आणि पाच मुली निवडल्या : नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, प्रतिची महापात्र, सीमा रामचंदानी आणि महुआ कामत. वर सांगितलेला 'गर्ल्स अलाउड' हा ग्रुपही त्याच वर्षी, त्याच साच्याच्या ब्रिटिश कार्यक्रमातून तयार झाला. सुरुवात जुळ्या बहिणींसारखी, आणि पुढचा प्रवास किती वेगळा!

'विवा'चा पहिला अल्बम २००२ मध्ये आला. महुआ कामत लवकरच ग्रुपमधून बाहेर पडल्या. २००३ मध्ये 'विवा रीलोडेड' आला, आणि थोड्याच काळात ग्रुप विखुरला. दोन अल्बम झाले, त्यातली रस्त्यावर पोचलेली गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेवढ्यावर निवडक गाण्यांचा अल्बम उभा राहत नाही. दहा-बारा गाणी लागतात, आणि त्यातली निम्मी तरी चाहता नसलेल्याच्या कानावरून गेलेली हवीत.

मुलींमध्ये गुण कमी होते असं मुळीच नाही. नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पुढे सिनेमाच्या पार्श्वगायनात नावारूपाला आल्या. ब्रिटनमध्ये मात्र ग्रुपचं प्रत्येक गाणं स्वतंत्र विकलं जायचं, त्याची दर आठवड्याला यादी लागायची, रेडिओ ते वाजवायचा. आपल्याकडे रेडिओ, टीव्ही आणि लग्नाचा बँड या तिन्हींवर सिनेमाचं राज्य. सिनेमाबाहेरच्या ग्रुपला दर तीन महिन्यांनी एक नवं गाणं लोकांपर्यंत पोचवायला वाटच नव्हती. टीव्हीचा कार्यक्रम संपला की ओळख टिकवणारी शिडी काढून घेतल्यासारखं व्हायचं. मराठीत २००८-०९ च्या 'लिटिल चॅम्प्स'मधून आर्या आंबेकर, कार्तिकी गायकवाड, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत अशी 'पंचरत्नं' घराघरात पोचली. त्यांनाही पुढे एकेकट्यानेच वाट काढावी लागली. तुमची ती 'विवा'ची कॅसेट अजून असेल तर जपून ठेवा, तिची जागा घेणारा संग्रह निघालेलाच नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा पाच जणींचा ग्रुप आहे. भीमगीतं, लोकगीतं आणि काही स्वतः रचलेली गाणी गातात. सहा वर्षांपासून जयंती, नवरात्र, हळदीचे कार्यक्रम करतात. यूट्यूबवर त्यांच्या एका गाण्याला १ लाख ४० हजार व्ह्यूज आहेत, बाकीच्या नऊ गाण्यांना दोन ते पाच हजार. या दहा गाण्यांचा पेन ड्राईव्ह छापील कार्डासह काढून हिंगोलीच्या दसऱ्यात विकावा असं ठरतं आहे. २,००० नग, प्रत्येकी २१० रुपये खर्च, किंमत ३०० रुपये. एक पालक पैसे उसने द्यायला तयार आहेत. दोघींची लग्नं झाली, त्यातली एक पुण्याला असते, आता गात नाही. तिला हिस्सा द्यावा लागेल का?
— एक शिक्षिका, कळमनुरी तालुका

उत्तर : बाई, आधी हात जोडून सांगतो : २,००० नग काढू नका. पोरींच्या गळ्यावर शंका नाही. उसन्या पैशांचा घोर त्यांच्या मागे लागू नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहितो.

हिशोब पाहा. २,००० नगांचे ४ लाख २० हजार होतात. प्रत्येक नग पूर्ण ३०० ला तुम्ही स्वतः विकलात, तरी नुसते पैसे परत यायला १,४०० नग जायला हवेत. दुकानदाराने नगामागे ६० रुपये घेतले तर १,७५०. त्यानंतर पहिला रुपया नफ्याचा. पाच तालुके आणि २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या जिल्ह्यात १,७५० म्हणजे फार नव्हेत असं वाटेल. पण हे १,७५० लोक कोण, त्यांची नावं लिहायला बसा. दीडशे-दोनशेवर वही थांबेल.

आता त्या १ लाख ४० हजारांकडे वळू. अमेरिकेतली ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना अल्बमला सोन्याची-प्लॅटिनमची तबकडी देताना इंटरनेटवर ऐकलेली-पाहिलेली गाणीही धरते, आणि तिचा हिशोब असा की गाणी १,५०० वेळा वाजली की एक अल्बम विकला गेला असं मानायचं. तुमच्या नऊ गाण्यांना सरासरी साडेतीन हजार धरले तर ३१,५००. त्यात मोठ्या गाण्याचे मिळवले की १ लाख ७१ हजार ५००. भागिले १,५००. उत्तर येतं ११४. हे माप अमेरिकेतलं आहे, कळमनुरीला ते जसंच्या तसं लागू होणार नाही. पण फुकट ऐकणं आणि खिशात हात घालणं यांच्यात केवढं अंतर आहे, ते यातून कळतं. यूट्यूब स्टुडिओ उघडलात तर प्रेक्षकांच्या भागात पुन्हा येणारे प्रेक्षक वेगळे दिसतात, ते कुठून बघतात आणि सरासरी किती वेळ थांबतात तेही दिसतं. गाणं चार मिनिटांचं आणि थांबणं चाळीस सेकंदांचं असेल, तर तो आकडा कुणी तरी पुढे ढकलल्यामुळे वाढलेला आहे.

माझा सल्ला २०० नगांचा. खर्च ४२ हजार, आणि १४० गेले की पैसे सुटले. त्याआधी दोन कार्यक्रमांत वही फिरवा : नाव, गाव, मोबाइल नंबर आणि आगाऊ १०० रुपये. नुसतं 'घेऊ घेऊ' म्हणणाऱ्यांना धरू नका. हळदीचा भाव जसा मोंढ्यात सौद्याला ठरतो, शेतात उभ्या पिकावर ठरत नाही, तसा खपाचा अंदाज आगाऊ आलेल्या पैशावरच ठरतो. वहीत ८० नावं पैशांसह आली तर २०० काढायला हरकत नाही. २० आली तर पेन ड्राईव्हचा नाद सोडा आणि क्यूआर कोड छापलेलं साधं कार्ड काढा. त्याचा खर्च काही रुपयांत भागतो, आणि गाणी मोबाइलवर उघडतात.

दसऱ्याबद्दल माझं मत वेगळं आहे. रामलीला मैदानावर गर्दी प्रचंड असते, पण ती रावणदहनाला, प्रदर्शनाला, आकाशपाळण्यांना आलेली असते. त्या गोंगाटात तुमच्या पोरींचं गाणं कुणी थांबून ऐकणार नाही. तुमचं गिऱ्हाईक १४ एप्रिलच्या आसपासच्या कार्यक्रमात समोर बसलेलं असतं. विक्री होते ती शेवटचं गाणं संपल्यावरच्या दहा मिनिटांत. तेव्हा टेबल स्टेजजवळ नको, बायका जिथे चपला घालतात आणि लेकरांना गोळा करतात तिथे, बाहेर पडायच्या वाटेवर मांडा. टेबलामागे गायिकांपैकीच दोघींनी उभं राहावं, माईकवरचा आवाज समोर बोलायला आला की लोक थांबतात. यूपीआयचा कोड मोठा छापून लावा, पण सुट्टे पैसेही जवळ ठेवा, कारण पाचशेची नोट घेऊन आलेली म्हातारी सुट्ट्यांसाठी परत जाते ती येत नाही. शक्य असेल तर किंमत २५० करा. मग २०० नगांत १६८ जायला लागतील, पण जातीलही लवकर.

दहा गाण्यांत एक नवं गाणं जरूर घाला. मोठमोठे ग्रुप ते करतात, ते उगाच नव्हे : ज्या चाहतीच्या मोबाइलमध्ये नऊ गाणी आहेत, तिला विकत घ्यायला दहावं काहीतरी हवं. ते गाणं महिनाभर तरी यूट्यूबवर टाकू नका. आणि क्रम लावताना गाजलेलं गाणं पहिलं ठेवा. लोक पेन ड्राईव्ह गाडीला लावतात आणि पहिल्या दोन मिनिटांत ठरवतात.

पुण्याच्या मुलीचा हिस्सा द्यायलाच हवा. तिने गायलेल्या मुद्रणाचा व्यापारी वापर झाला तर कलाकार म्हणून रॉयल्टी मिळण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने दिलेला आहे. ती आता गात नाही, यामुळे तो बुडत नाही. पाचही जणींनी एका कागदावर वाटणी लिहून सह्या कराव्यात, अगदी शंभर-शंभर रुपये वाट्याला येणार असले तरी. पुढे मनं दुखावतात ती रकमेपेक्षा न विचारल्यामुळे.

प्रश्न : आमचा महिलांचा भजनी आणि शाहिरी गट आहे. नामदेवांचे अभंग, वामनदादांची गीतं, अण्णा भाऊंच्या रचना असा 'निवडक' अल्बम काढायचा आहे. कुणी सांगितलं की ५०,००० प्रतींचे पैसे आधी भरावे लागतात. आमच्या ५० तरी जातील का, याची खात्री नाही.
— एक वाचक, सेनगाव

उत्तर : ज्यांनी सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. एखाद्या आधी मुद्रित झालेल्या गाण्याचं मालकाच्या परवानगीशिवाय नवं मुद्रण करायचं असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी प्रमाणे मार्ग आहे. मूळ मुद्रणाचं वर्ष संपून पाच वर्षं झालेली हवीत, मालकाला आगाऊ सूचना द्यावी लागते, वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो चालत नाही, आणि प्रत्येक गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरावी लागते. कमी चालणाऱ्या भाषा-बोलींसाठी हा आकडा खाली आणायची सोय कायद्यात आहे, पण तुमच्यासारख्या गटाने त्या वाटेला जाऊच नये.

तुमच्यापुढे सोपी वाट आहे. कवीच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. नामदेव महाराज (१२७०–१३५०) तर आपल्या नर्सीचेच, त्यांचे शब्द सगळ्यांचे आहेत. चाल मात्र पाहा. वारकरी परंपरेतली जुनी चाल असेल तर मोकळी, एखाद्या आधुनिक संगीतकाराने बांधलेली असेल तर तिच्यावर त्याचा हक्क. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत हक्क आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, तिथे २०६४ पर्यंत. अशा गीतांसाठी हक्कदारांकडे, म्हणजे वारसांकडे किंवा ज्या कंपनीकडे हक्क दिले असतील तिच्याकडे, थेट लेखी परवानगी मागा. मालक स्वतः परवाना देतो तेव्हा ५०,००० ची अट नसते, १०० प्रतींचाही परवाना देता येतो. किती प्रती, किती पैसे, यूट्यूबवर टाकायची मुभा आहे की नाही, हे तिन्ही त्या कागदावर असू द्या. तोवर अभंगांपासून सुरुवात करा. पारंपरिक चालीतले दहा अभंग म्हणजे एक पैसाही न देता उभा राहणारा अल्बम, आणि नर्सीला येणाऱ्या वारकऱ्याला घरी न्यावासा वाटेल असा.

प्रश्न : माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लोक मेमरी कार्डात गाणी भरून मागतात. आता एक एजंट एका गायिका-ग्रुपच्या गाजलेल्या गाण्यांच्या ५० सीडी उधारीवर ठेवतो म्हणतो. ठेवू का?
— एक दुकानदार, आखाडा बाळापूर

उत्तर : सीडी लावणार कशात, हे आधी गिऱ्हाइकाला विचारा. नव्या गाड्यांत आणि लॅपटॉपमध्ये सीडीची खाच राहिलेलीच नाही. जुनी गाणी एकत्र हवी असणारा माणूस अजून आहे, पण त्याला लावायची खटपट नको असते. २०१७ मध्ये सारेगामाने 'कारवाँ' हा ५,००० हिंदी गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा काढला, पुढे मराठीही आला, आणि आई-वडिलांना भेट म्हणून तो मुलांनी घेतला. निवडक गाण्यांचं मोठं गिऱ्हाईक आज तिथे आहे.

मेमरी कार्डात गाणी भरून देणं मात्र बंद करा. परवाना नसताना पैसे घेऊन ते करणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा आहे : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. दहा-वीस रुपयांसाठी एवढी जोखीम घेऊ नका. एजंटाला सांगा की पाचच सीडी ठेव, त्याही न खपल्यास तीन महिन्यांत परत नेण्याच्या अटीवर, आणि तसं बिलावर लिहून सही कर. लिहून देत नसेल तर माल उतरवून घेऊ नका.